डीव्हीडीची इमेज अर्ध्यात अडकली तर: लिनक्सवर आधी कारण ओळखा, मग डिस्क वाचा

टर्मिनलवर ‘इनपुट/आउटपुट एरर’ दिसली की बहुतेक जण डिस्क गेली असं समजतात, किंवा तीच आज्ञा पुन्हापुन्हा चालवत बसतात. दोन्ही चुकीचं आहे. ही एकच ओळ निदान पाच-सहा वेगळ्या कारणांनी येते. त्यातली काही कारणं अशी आहेत की डिस्कवर ओरखडाही नसतो, आणि एकात तर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये घेतलेली हुबेहूब नक्कल, पूर्ण तयार झालेली असते. म्हणून बॅकअप घेताना पहिलं काम कारण ओळखणं. खराब होत चाललेली डिस्क प्रत्येक वाचनाला तशीच साथ देईल याची खात्री नसते, म्हणून उगाच केलेलं वाचन महागात पडू शकतं.

इंदूरमध्ये रामबाग, टिळकनगर, सुदामानगर अशा भागांतल्या मराठी घरांत लग्न-मुंजीच्या शूटिंगच्या, मंडळाच्या गणेशोत्सवाच्या आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) डिस्क अजून कपाटात पडून आहेत. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, त्यामुळे वर्षानुवर्षं त्या कोणी लावून पाहिलेल्या नसतात. हा लेख अशा घरगुती डिस्कसाठी आहे. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कचा मुद्दा वेगळा आहे, तो पुढे येईल.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाका. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

ड्राइव्ह लावण्याआधी

4.7 जीबीची डीव्हीडी-आर प्रत्यक्षात 4,70,73,19,808 बाइटची असते आणि डीव्हीडी+आर 4,70,03,72,992 बाइटची. इमेज जिथे साठवणार तिथे किमान 10 जीबी जागा मोकळी ठेवा, कारण पुढे एक जादा प्रत लागू शकते. ती जागा पेनड्राइव्हवर असेल तर त्याची फाइलसिस्टीम पाहा. फॅट32 मध्ये एक फाइल 4,29,49,67,295 बाइटच्या पुढे जात नाही. इमेज नेमकी 4 जीबीपाशी थांबली आणि ‘फाइल टू लार्ज’ असं आलं, तर दोष डिस्कचा नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा किंवा इमेज थेट लॅपटॉपच्या डिस्कवर घ्या.

बाहेरून लावायचा बारीक यूएसबी ड्राइव्ह वापरत असाल तर वीज पुरते का ते आधी पाहा. यूएसबी 2 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी 3 पोर्ट 900. डिस्क वेग घेते तेव्हा ड्राइव्हला 500 पेक्षा जास्त लागू शकतात. वीज कमी पडली की ड्राइव्ह मध्येच तुटून पुन्हा जोडला जातो आणि टर्मिनलवर तीच इनपुट/आउटपुट एरर येते. हब काढा, डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरा आणि शक्य तर दोन तोंडांची केबल लावा. आमचं मत विचाराल तर जुन्या डेस्कटॉपमधून काढलेला पूर्ण आकाराचा साटा ड्राइव्ह या कामाला बारीक ड्राइव्हपेक्षा चांगला. जेल रोडवर किंवा जुन्या संगणकांच्या दुकानात असे ड्राइव्ह मिळतात. यूएसबीवर चालवायचा असेल तर 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेलाच साटा कन्व्हर्टर घ्या, कारण नुसत्या यूएसबीवर तो फिरत नाही.

डिस्क पुसताना मऊ मायक्रोफायबर कापड मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. गोल पुसताना पडलेला चरा ट्रॅकच्या दिशेने जातो. असा चरा सलग बराच डेटा खातो आणि ड्राइव्हच्या त्रुटी-दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जातो. तेलकट डाग असेल तर साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर पॉलिकार्बोनेट विरघळवतात. टूथपेस्टने घासायचा उपाय इमेज घेण्याआधी अजिबात करू नका. वरचा कागदी स्टिकर सोलू नका. डीव्हीडीत डेटाचा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये चिकटवलेला असतो, आणि स्टिकर ओढताना त्या चकत्या एकमेकींपासून सुटू शकतात.

डिस्क नक्की कोणती आहे

डिस्क घाला आणि थोडं थांबा. फाइल मॅनेजर आपोआप उघडला तर बंद करून डिस्क अनमाउंट करा, पण बाहेर काढू नका. थंबनेल बनवण्याच्या नादात फाइल मॅनेजर लेझरला सगळीकडे पळवतो आणि इमेज घेण्याचं काम रखडतं. मग:

एलएसबीएलके

यादीत एसआर0, म्हणजे तुमचा डीव्हीडी ड्राइव्ह, दिसलं पाहिजे. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर वापरकर्त्याला सीडीरॉम गटात घाला:

सुडो यूजरमॉड -एजी सीडीरॉम तुमचंनाव

यात ए लहान आणि जी कॅपिटल. त्यानंतर एकदा लॉगआउट करावं लागतं. आता आकार मोजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच होतो.

आयएसओसाइज -एक्स /डेव्ह/एसआर0
सुडो ब्लॉकडेव्ह --गेटसाइज64 /डेव्ह/एसआर0

पहिली आज्ञा फाइलसिस्टीमच्या मते किती सेक्टर (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) आहेत ते सांगते, दुसरी ड्राइव्हच्या मते एकूण किती बाइट आहेत ते. समजा पहिलीने 2215840 सेक्टर आणि 2048 आकार दाखवला. गुणाकार 4,53,80,40,320 बाइट. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा.

आकडे जवळजवळ सारखे असतील तर छान. ड्राइव्हचा आकडा थोडासा मोठा असेल तर शेवटी भरणीचे रिकामे सेक्टर आहेत. वाचताना एरर 2215840 च्या पुढे आली, तर तुमची इमेज पूर्ण आहे. तिला घाबरून डिस्क पुन्हा वाचायची काहीच गरज नाही.

ड्राइव्हचा आकडा फारच मोठा असेल, म्हणजे एक 600 एमबी आणि दुसरा 3 जीबी, तर ती बहुधा मल्टिसेशन डिस्क आहे. फोटो स्टुडिओवाले एकाच डिस्कवर दोन-तीनदा फोटो टाकून देत. अशा वेळी आयएसओसाइज फक्त पहिल्या सेशनचा आकार सांगू शकतं. मोठा आकडा खरा धरून पूर्ण डिस्क वाचा. नंतर इमेज माउंट केल्यावर फक्त पहिल्या खेपेचे फोटो दिसले, तर माउंटच्या -ओ पर्यायात एसबीसेक्टर= पुढे शेवटच्या सेशनचा सुरुवातीचा सेक्टर द्या. तो आकडा ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो /डेव्ह/एसआर0’ या आज्ञेतून मिळतो.

आयएसओसाइज काहीच सांगत नसेल पण ब्लॉकडेव्ह आकडा देत असेल, तर डिस्क नुसती यूडीएफ (डीव्हीडीची दुसरी एक फाइलसिस्टीम) असू शकते. काही रेकॉर्डर तशी बनवतात. ब्लॉकडेव्हचा आकडा वापरा.

डिस्क कोरी दिसते, पण खालच्या बाजूला जळलेल्या भागाची गडद चकती स्पष्ट आहे? मग ती फायनलाइज केलेली, म्हणजे रेकॉर्डिंग संपवून इतर ड्राइव्हना वाचता येईल अशी बंद केलेली, नाही. हँडीकॅमच्या 8 सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क आणि टीव्हीला जोडायचे डीव्हीडी रेकॉर्डर यांत हे नेहमी होतं. मीडियाइन्फोमध्ये ‘डिस्क स्टेटस’ समोर ‘अपेंडेबल’ दिसतं. तो कॅमेरा किंवा रेकॉर्डर अजून चालू होत असेल तर त्यातच फायनलाइज करा, दुसरं काही आधी करून पाहू नका. आणि छोटी डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीच घालू नका, अडकते.

आणखी एक घोळ. लग्नाच्या जुन्या पाकिटात डीव्हीडी समजून ठेवलेली डिस्क पुष्कळदा व्हीसीडी निघते. आकार 800 एमबीच्या आत, एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात डीएटी फाइल, ही तिची खूण. व्हिडिओचे सेक्टर तिथे वेगळ्या प्रकारचे असतात, त्यामुळे डीडी (नक्कल घ्यायची साधी आज्ञा, पुढे येईल) लगेच एरर देतं. डिस्क धडधाकट असते, फक्त हत्यार चुकीचं असतं. व्हीसीडी इमेजर पॅकेजमधलं व्हीसीडीएक्सरिप किंवा सीडीआरडीएओ वापरा.

एरर कुठे आली ते वाचा

दुसऱ्या खिडकीत ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवा (टंकताना डीएमईएसजी). टर्मिनलवरची एरर मोघम असते, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत खरं कारण असतं.

‘रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ अशा ओळी येत असतील तर केबल किंवा विजेचा प्रश्न. वर सांगितल्याप्रमाणे तो आधी सोडवा.

‘रीड ऑफ स्क्रॅम्बल्ड सेक्टर विदाउट ऑथेंटिकेशन’ आलं तर डिस्क सीएसएस संरक्षणाची आहे, म्हणजे विकतची. तिथे कितीही वेळा वाचलं तरी उपयोग नाही. ते संरक्षण तोडण्याची पद्धत आम्ही इथे देत नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65ए आलं, ते नेमकं अशा संरक्षण-उपायांबद्दल आहे. घरच्या शूटिंगच्या डिस्कवर सीएसएस नसतं.

‘क्रिटिकल मीडियम एरर, डेव्ह एसआर0, सेक्टर 7812340’ अशी ओळ आली तर हे खरं डिस्कचं दुखणं. हा आकडा 512 बाइटच्या हिशेबात असतो, म्हणून त्याला 4 ने भागा: 1953085. पूर्ण भरलेल्या डीव्हीडी-आरचे 22,98,496 सेक्टर धरले तर हे 85 टक्क्यांवर आलं. डेटा आतून बाहेर सर्पिलाकार जातो, साधारण 24 मिलिमीटर त्रिज्येपासून 58 पर्यंत. गणित केलं की 85 टक्के म्हणजे केंद्रापासून सुमारे 54 मिलिमीटर, कडेपासून अवघे सहा मिलिमीटर आत. डिस्क काढा, ट्यूबलाइटखाली तिरपी धरा आणि पट्टी लावून तेवढ्याच अंतरावर बघा. बोटाचा ठसा किंवा वाळलेला थेंब दिसला तर पुसून प्रश्न सुटला. कडेपासून आत शिरणारा ढगाळ पट्टा दिसला तर चिकटवलेल्या चकत्या सुटायला लागल्या आहेत. ती डिस्क आजच वाचा.

काहीच दिसत नाही आणि एरर सगळीकडे विखुरल्या आहेत, तर डिस्कमधला रंग फिकट पडला असण्याची शक्यता जास्त. रेकॉर्ड करता येणाऱ्या डिस्कमधला सेंद्रिय रंग उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. माळव्यातल्या मे महिन्यात खिडकीत किंवा गाडीत राहिलेल्या डिस्कची ही गत होते.

साधं वाचन

डिस्क चांगली असेल तर एवढं पुरतं:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर0 ओएफ=लग्न.आयएसओ बीएस=2048 काउंट=2215840 स्टेटस=प्रोग्रेस

काउंटचा आकडा तुमच्या डिस्कचा घाला. डीव्हीडीचा 1 एक्स वेग सेकंदाला सुमारे 1.385 एमबी, म्हणजे भरलेल्या डिस्कला तासाभरापेक्षा थोडं कमी. चांगल्या ड्राइव्हवर 8 एक्स सरासरी मिळाली तर सात-आठ मिनिटांत काम होतं.

जाळ्यावर सगळीकडे सुचवला जाणारा ‘कॉन्व्ह=नोएरर,सिंक’ हा पर्याय डीव्हीडीला वापरू नका, हे आम्ही ठामपणे सांगतो. नुसतं नोएरर दिलं तर न वाचलेला भाग गाळला जातो, पुढचा सगळा डेटा मागे सरकतो आणि इमेज निकामी होते. सिंक जोडलं तर जागा टिकते, पण बीएस (एका वेळी वाचायचा तुकडा) 1 एमबी ठेवलं असेल तर एका खराब सेक्टरपायी अख्खा 1 एमबी शून्यांनी भरला जाऊ शकतो. आणि कुठे भोक पडलं याची नोंद कुठेच राहत नाही, म्हणजे पुन्हा प्रयत्न करायचा तर पहिल्यापासून.

खराब डिस्क: डीडीरेस्क्यू

उबुंटू आणि डेबियनवर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, फेडोरावर डीडीरेस्क्यू. आज्ञा दोन्हीकडे डीडीरेस्क्यूच. मध्ये अंडरस्कोर असलेलं डीडी_रेस्क्यू वेगळंच आहे, त्याचे पर्याय इथे लागू नाहीत.

पहिली फेरी सोपा भाग उचलण्यासाठी:

डीडीरेस्क्यू -एन -बी2048 /डेव्ह/एसआर0 लग्न.आयएसओ लग्न.मॅप

-एन मुळे अडलेल्या जागा सेक्टर-सेक्टर खरवडायचं काम नंतरवर टाकलं जातं. डिस्क मरायला टेकली असेल तर आधी जमेल तेवढं हातात यायला हवं. तिसरी फाइल, मॅप, या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. कुठला भाग वाचला, कुठला राहिला हे तिच्यात लिहिलं जातं. लाइट गेली, केबल निघाली, तुम्ही कंट्रोल-सी दाबलं, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम तिथूनच पुढे सुरू होतं. मॅप फाइल द्यायला विसरलात तर डीडीरेस्क्यू वापरण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी फेरी:

डीडीरेस्क्यू -डी -आर3 -बी2048 /डेव्ह/एसआर0 लग्न.आयएसओ लग्न.मॅप

-डी कर्नलच्या कॅशेला (आधी वाचलेल्या डेटाच्या तात्पुरत्या साठ्याला) वळसा घालून थेट ड्राइव्हवरून वाचतं. -आर3 म्हणजे राहिलेल्या जागांवर आणखी तीन फेऱ्या. ही फेरी तासन्‌तास चालू शकते. आकडा हलत नाही म्हणून लगेच बंद करू नका, पण ड्राइव्ह खूप तापला तर थांबवून गार होऊ द्या. मॅप आहे, काही वाया जात नाही.

मग वेग कमी करून बघा: ‘इजेक्ट -एक्स 4 /डेव्ह/एसआर0’. काही ड्राइव्ह ही सूचना मानत नाहीत. त्यानंतर उलट दिशेने वाचा: दुसऱ्या फेरीच्याच आज्ञेत -आर कॅपिटल अक्षरात जोडा. चऱ्याच्या पलीकडचे काही सेक्टर त्या बाजूने येताना मिळतात.

तरीही जागा उरल्या तर ड्राइव्ह बदला. आमच्या मते वरच्या सगळ्या पर्यायांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. इमेज आणि मॅप तीच ठेवायची, डिस्क शेजाऱ्याच्या जुन्या संगणकात घालायची आणि तीच आज्ञा द्यायची. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याच्या लेझरला पुष्कळदा दिसतं.

लग्नाच्या डिस्कबाबत आणखी एक वाट असते. स्टुडिओवाले एक प्रत वराकडे आणि एक वधूकडे देत. एक इंदुरात तर दुसरी ग्वाल्हेरला किंवा पुण्याला कोणाकडे तरी असते. दोन्ही प्रती एकाच मास्टरवरून जाळलेल्या असतील तर दुसऱ्या प्रतीतून तुमची भोकं भरता येतात: दुसरी डिस्क घाला आणि त्याच इमेज व मॅपवर डीडीरेस्क्यू चालवा. पण आधी दोन्हींचे आयएसओसाइज आकडे तंतोतंत जुळवून पाहा, आणि दोन्ही डिस्कच्या पहिल्या 10,000 सेक्टरांचे एसएचए256 (डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा, आज्ञा पुढे ‘पडताळा’मध्ये आहे) सारखे आहेत का ते तपासा. एकाही सेक्टरचा फरक असेल तर मिसळू नका, दुसऱ्या डिस्कची वेगळी इमेज घ्या. आणि मिसळण्याआधी पहिल्या इमेजची व मॅपची प्रत काढून ठेवा.

थोडं राहिलंच तर

डीव्हीडीत त्रुटी-दुरुस्ती 16 सेक्टरांच्या गठ्ठ्यात होते, म्हणून एक जागा गेली की बहुधा 32 केबीचा गठ्ठा जातो. सेकंदाला 5 मेगाबिटच्या व्हिडिओत हे सेकंदाचा विसावा भाग झाले. प्रत्यक्षात चित्र पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, चौकोनी तुकड्यांचं दिसतं. तीन तासांच्या लग्नात एवढं चालतं.

नुकसान कुठल्या फाइलमध्ये आहे ते शोधायचं असेल तर इमेज आणि मॅप दोन्हींची प्रत काढा. एका टेक्स्ट फाइलमध्ये ‘बॅडसेक्टर’ असा शब्द लिहा आणि द्या:

डीडीरेस्क्यू --फिल-मोड=- खूण.टीएक्सटी प्रत.आयएसओ प्रत.मॅप

मग प्रत माउंट करून ग्रेपच्या -आर -एल पर्यायांनी (दोन्ही लहान) तो शब्द शोधा. ज्या फाइलांची नावं येतील त्याच खराब. व्हीओबी फाइल आली तर वर सांगितल्याप्रमाणे चित्र थोडं तुटेल. आयएफओ फाइल आली तर मेनू किंवा पूर्ण प्लेबॅक बंद पडतो, पण प्रत्येक आयएफओची जुळी प्रत बीयूपी या शेवटाच्या फाइलमध्ये त्याच डिस्कवर असते. व्हिडिओ_टीएस फोल्डर बाहेर कॉपी करा, बीयूपीची प्रत काढून शेवट आयएफओ करा आणि ते फोल्डर व्हीएलसीत उघडा.

पडताळा

डिस्क बाहेर काढून पुन्हा घाला, नाहीतर कॅशेमधलाच डेटा पुन्हा वाचला जाईल. मग:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर0 बीएस=2048 काउंट=2215840 | एसएचए256सम
हेड -सी 4538040320 लग्न.आयएसओ | एसएचए256सम

दोन्ही ओळी सारख्या आल्या की नक्कल अचूक. ड्राइव्हचा आकडा मोठा असेल तर डीडीरेस्क्यूची इमेजही तेवढी मोठी असते, म्हणून दुसऱ्या ओळीत हेड लावून मोजलेल्या बाइटपुरताच भाग घेतला आहे. खराब डिस्कला हा पडताळा चालत नाही. तिथे ‘डीडीरेस्क्यूलॉग -टी लग्न.मॅप’ देऊन किती टक्के वाचलं ते बघा. दोन्ही बाबतींत इमेज ‘माउंट -ओ लूप,आरओ’ने उघडा आणि व्हीएलसीत सुरुवात, मध्य व शेवट तिन्ही ठिकाणी चालवून पाहा. फक्त सुरुवात पाहून समाधान मानू नका. डिस्क कडेकडून खराब होत असेल तर नुकसान शेवटी असतं, म्हणजे वरातीत किंवा पाठवणीत.

इमेजसोबत मॅप फाइल आणि एसएचए256 चा आकडा एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि ते फोल्डर दोन वेगळ्या डिस्कवर. जोडीला ‘पार2 क्रिएट -आर10 लग्न.आयएसओ’ चालवलं तर सुमारे दहा टक्के जादा जागेत दुरुस्तीच्या फाइल तयार होतात, आणि पुढे इमेजचा एखादा तुकडा बिघडला तरी भरून काढता येतो. वाचन अपुरं राहिलेली डिस्क टाकून देऊ नका. पाकिटावर तारीख, कुठल्या ड्राइव्हवर वाचली आणि किती टक्के मिळाली एवढं लिहून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात उभी ठेवा. दुसरा ड्राइव्ह किंवा दुसरी प्रत मिळेल तेव्हा हीच मॅप फाइल लागणार आहे.